विश्लेषण : डोंगर ज्यांच्या उशाला, भूविज्ञान त्यांच्या हाती का नाही?

दरड कोसळली की भूवैज्ञानिकांचे पथक येते, पाहणी करते, अहवाल देते. त्या पथकात त्याच डोंगरातला एखादा मुलगा किंवा मुलगी आहे का, हे सहसा कोणी विचारत नाही. अमेरिकेत हा प्रश्न चार दशकांच्या आकडेवारीनिशी मांडला गेला. महाराष्ट्रात तो दर पावसाळ्यात नव्याने समोर येतो. वंचित समूहांतील विद्यार्थ्यांना शाळा-महाविद्यालयापासूनच प्रत्यक्ष संशोधनात उतरवणे हा त्यावरचा उपाय मानला जातो. तो कसा चालतो आणि भारतात कुठे अडतो?

प्रश्न नेमका काय आहे?

३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा बाहेर खबर लागली. दीडशेच्या आसपास माणसे गेली. गाव प्रामुख्याने महादेव कोळी समाजाचे. १९ जुलै २०२३ रोजी रात्री रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड आली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि शोधकार्य थांबवावे लागले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच तेव्हा सांगितले.

यादीत नव्हती म्हणजे कोणी कामचुकारपणा केला, असा अर्थ लगेच काढण्याचे कारण नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने २०१४पासून देशभर दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे तयार करण्याची मोहीम हाती घेतली. त्यांचे प्रमाण १:५०,००० असे आहे. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. शंभर मीटर लांबीची वाडी या नकाशावर दोन मिलिमीटरची होते. तिच्या वरच्या उतारावर यंदा नवी भेग पडली का, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले का, झाडे एका बाजूला कलली का, हे दोन मिलिमीटरमध्ये दिसत नाही. पावसाचेही तेच. 'महावेध' प्रकल्पातील स्वयंचलित हवामान केंद्र महसूल मंडळामागे एक असते, आणि सह्याद्रीत घाटमाथ्याच्या अलीकडे-पलीकडे, काही किलोमीटरच्या अंतरात, पाऊस निम्म्याने कमी-जास्त होऊ शकतो.

हे बारीक निरीक्षण तिथे राहणारा माणूसच करू शकतो. तो ते करतोही. पण त्याच्या निरीक्षणाची नोंद होत नाही, त्याला शास्त्राची भाषा मिळत नाही आणि निर्णय घेणाऱ्यांत तो नसतो. भूविज्ञानातील प्रतिनिधित्वाचा प्रश्न म्हणूनच केवळ सामाजिक न्यायाचा राहत नाही. ज्या शास्त्राची प्रयोगशाळाच जमीन आहे, त्या शास्त्राचे काम जमिनीजवळच्या माणसांशिवाय अपुरे राहते.

अमेरिकेतील आकडे काय सांगतात?

रेचल बर्नार्ड आणि एमिली कूपरडॉक या दोन संशोधक महिलांनी २०१८मध्ये 'नेचर जिओसायन्स' या नियतकालिकात एक टिपण लिहिले. १९७३ ते २०१६ या काळात अमेरिकेत भूविज्ञान, सागरविज्ञान आणि वातावरणविज्ञानात पीएच.डी. मिळवणारे कोण होते, हे त्यांनी तपासले. महिलांचे प्रमाण या काळात खूप वाढले होते. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि मूळनिवासी विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र चाळीस वर्षांत जवळपास काहीच हलले नव्हते. २०१६मध्ये या समूहांचा लोकसंख्येतील वाटा ३१ टक्के होता, तर या विषयांतल्या पीएच.डी.मधील वाटा ६ टक्के.

तिथेही पहिली पावले कोणी टाकलीच नव्हती असे नाही. मार्गेरीट थॉमस विल्यम्स यांनी १९४२मध्ये भूविज्ञानात पीएच.डी. मिळवली. ही पदवी मिळवणाऱ्या त्या अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता अॅनाकोस्टिया नदीच्या खोऱ्यातील धूप. ही नदी वॉशिंग्टन शहरातून वाहते आणि विल्यम्स त्याच शहरात शिक्षिका होत्या. दूरच्या ज्वालामुखीकडे न जाता त्यांनी आपल्या शहराच्या नदीवर काम केले. हा तपशील पुढच्या चर्चेसाठी महत्त्वाचा आहे.

मुले या विषयाकडे का येत नाहीत?

महाराष्ट्रापुरते उत्तर शोधायचे तर सुरुवात शाळेच्या वेळापत्रकापासून करावी लागते. खडक, भूकंप, ज्वालामुखी, नदीची धूप हे सारे मुलांना भेटते ते भूगोलाच्या पुस्तकात. दहावीनंतर भूगोल बहुतेक ठिकाणी कला शाखेत जातो. भूविज्ञानाची पदवी मात्र विज्ञान शाखेत आहे आणि तिच्यासाठी बारावी विज्ञान लागते. म्हणजे ज्या मुलीला आठवीत खडकांची गोडी लागली, ती तालुक्याला विज्ञान शाखा नाही किंवा शिकवणीचा खर्च झेपत नाही म्हणून कला शाखेत गेली, तर तिच्यासाठी हे दार सोळाव्या वर्षीच बंद होते. हे दार बंद झाले, याची तिला कल्पनाही नसते. बारावीपर्यंत भूविज्ञान हा स्वतंत्र विषय शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालये फार थोडी. पुण्याचे फर्ग्युसन, मुंबईचे सेंट झेवियर्स अशी पदवीला भूविज्ञान असलेली नावाजलेली महाविद्यालये मोठ्या शहरांत आहेत. खडक गावात आणि विभाग शहरात, अशी ही वाटणी.

पैशाचे कारण उघड आहे, पण ते नेमके कुठे बोचते हे पाहायला हवे. भूविज्ञानाचे शिक्षण क्षेत्रभेटींशिवाय होत नाही. आठ-पंधरा दिवसांचा दौरा, प्रवास, राहणे, मजबूत बूट, हातोडा, भिंग, उताराचा कोन मोजणारे होकायंत्र, हा खर्च शुल्काच्या पावतीत दिसत नाही. सुट्टीत शेतावर किंवा वीटभट्टीवर कामाला जाणाऱ्या विद्यार्थ्याची त्या दिवसांची मजुरीही बुडते.

तिसऱ्या कारणाबद्दल फार कमी बोलले जाते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात भूवैज्ञानिक हा प्राणी लोकांना आधी कोणत्या रूपात भेटतो? खाणीसाठी जमीन मोजायला आलेला साहेब म्हणून. सुरजागडच्या लोहखनिजावरून त्या जिल्ह्यात दीर्घकाळ संघर्ष झाला. याच जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यात वडधम येथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे जीवाश्म जपणारे उद्यान आहे, पण शास्त्राची ही ओळख मागे पडते आणि 'हातोडा घेऊन आला म्हणजे जमीन जाणार' ही ओळख पुढे राहते. अमेरिकेत नावाहो लोकांच्या प्रदेशात सोडून दिलेल्या युरेनियम खाणींची संख्या पाचशेहून अधिक आहे. तिथल्या तरुणांनाही या शास्त्राबद्दल असाच संशय वाटला, तर नवल नाही. अशा ठिकाणी 'या, करिअर करा' असे भित्तिपत्रक लावून काही होत नाही. खाणीचा पर्यावरण अहवाल वाचता येणारा, त्यातली भूजलाची आकडेवारी तपासून प्रश्न विचारू शकणारा माणूस गावातूनच तयार होऊ शकतो, हे दिसले तर मात्र या विषयाचा अर्थ बदलतो.

'प्रत्यक्ष संशोधन' म्हणजे नेमके काय?

सहल म्हणजे संशोधन नव्हे. लोणारचे विवर पाहून येणे चांगलेच, पण तिथे प्रश्न दुसऱ्याने विचारलेला असतो आणि उत्तर फलकावर लिहिलेले असते. संशोधनात विद्यार्थी स्वतः मोजतो, त्याच्या मोजणीतून प्रश्न निघतो आणि उत्तर आधी कोणालाच ठाऊक नसते.

गावातली विहीर हे त्याचे सर्वांत स्वस्त उदाहरण. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, मग दर पंधरवड्याला, टेपने पाण्याची पातळी मोजायची. वहीत तारीख आणि खोली लिहायची. वर्षभरात पहिला प्रश्न आपोआप उभा राहतो : पन्नास पावलांवरच्या दोन विहिरींपैकी एक फेब्रुवारीत आटते आणि दुसरी मेपर्यंत पाणी देते, हे का? उत्तरासाठी विहिरीच्या भिंतीकडे पाहावे लागते. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे. थरावर थर बसलेले. काही थर घट्ट, काळ्या पाषाणाचे. काहींत वायूच्या बुडबुड्यांच्या जागा पुढे पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या. विहीर खोदणारे त्याला 'मांजऱ्या' म्हणतात. वर मुरूम. दोन थरांच्या मध्ये कधी तांबडी पट्टी. पाणी कुठे मुरते आणि कुठे अडते, हे या थरांच्या भेगांवर आणि झिजेवर ठरते. विहीर खणणाऱ्या आजोबांना हे ठाऊक असते. विद्यार्थ्याने त्यांचे शब्द, भिंतीचे मोजमाप आणि वर्षभराची पातळी एका कागदावर आणली की तो भूजलाचा खरा अभ्यास होतो. पुण्यातील 'अॅक्वाडॅम' ही संस्था गावकऱ्यांना भूजलाचे असे प्रशिक्षण अनेक वर्षे देत आली आहे.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम. त्या गावातल्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक हातपंपाची तपासणी करून, कोणत्या खोलीच्या आणि कोणत्या खडकातल्या पाण्यात फ्लोराइड वाढते याचा नकाशा केला, तर त्या प्रकल्पाचा पहिला वाचक परीक्षक नसेल. त्यांच्याच घरची पाणी भरणारी माणसे असतील.

हे कुठे जमले आहे?

नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतर संशोधकांनी पश्चिम नेपाळमधील शाळांत कमी खर्चाचे भूकंपमापक बसवले. सुरुवात २२ शाळांपासून झाली. शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले. आपल्या शाळेच्या उपकरणावर उमटलेला धक्का मुले पडद्यावर पाहू लागली. त्याच नोंदी संशोधकांनाही उपयोगी पडतात. शाळेला उपकरण 'भेट' मिळाले एवढ्यावर हा प्रकल्प थांबत नाही. शाळा ही केंद्रांच्या जाळ्यातली एक कडी झाली.

केरळच्या वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ रोजी, माळीणच्या बरोबर दहा वर्षांनी, दरडींनी अडीचशेहून अधिक बळी घेतले. तिथे कल्पेट्टा येथील 'ह्यूम सेंटर' या संस्थेने जिल्हाभर दोनशेच्या आसपास ठिकाणी स्थानिकांच्या मदतीने पाऊस मोजण्याचे जाळे उभे केले होते. आदल्या दिवशीच्या नोंदींवरून धोका दिसला आणि तो जिल्हा प्रशासनाला कळवला, असे संस्थेने नंतर सांगितले. त्या इशाऱ्याचे पुढे काय झाले, हा वेगळा आणि कटू विषय आहे. साध्या पर्जन्यमापकांचे दाट जाळे मोठ्या यंत्रणेच्या नजरेतून सुटणारे काहीतरी पकडू शकते, एवढे त्यातून दिसले.

अमेरिकेत कोलोरॅडोतील 'सोअर्स' हा कार्यक्रम १९९६पासून चालू आहे. त्यात पदवीच्या विद्यार्थ्याला उन्हाळ्यात संशोधनासाठी पगार मिळतो. विषयाचा मार्गदर्शक वेगळा, लेखनाचा वेगळा. एका उन्हाळ्यावर हे संपत नाही, तोच विद्यार्थी पुढच्या वर्षीही येऊ शकतो. टेक्सासमध्ये २००५पासून 'जिओफोर्स' हा उपक्रम शाळकरी मुलांना सलग अनेक उन्हाळे क्षेत्रभेटींना नेतो. दोन्हींतला समान धागा सातत्याचा आहे. एक कार्यशाळा, एक प्रमाणपत्र आणि एक समूह छायाचित्र, ही इथली ओळखीची पद्धत त्यात नाही. अर्थात तिथलेही सारे सुरळीत नाही. २०२५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने विविधतेशी संबंधित अनेक अनुदाने रद्द केली. सरकारी कृपेवर चालणारी शिडी एका आदेशाने काढून घेता येते, हा धडा इतरांनीही घ्यावा असा आहे.

मग भारतात घोडे कुठे अडते?

लोकसहभाग भारतात आहे. राजस्थान आणि गुजरातच्या काही गावांत 'मार्वी' प्रकल्पाने २०१२पासून गावातल्याच लोकांना 'भूजल जाणकार' म्हणून तयार केले आणि ते दर आठवड्याला विहिरींची पातळी नोंदवू लागले. डिसेंबर २०१९मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रासह सात राज्ये होती. तिथेही गावाने स्वतः पाणी मोजावे, अशी अपेक्षा होती. मोजणारे हात तयार झाले, हे खरेच आहे.

पण जाणकार जाणकारच राहतो. पाच वर्षे नेमाने पातळी मोजणाऱ्या तरुणाला त्या अनुभवाच्या जोरावर पदवीच्या वर्गात जागा मिळेल, अशी सोय नाही. त्याने गोळा केलेले आकडे अहवालात जातात, त्याचे नाव आभाराच्या यादीत जाते किंवा जातही नाही. दुसरीकडे शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या फार वरच्या पायरीवर. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात आणि ती वेळेवर मिळावी म्हणून विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागतात. भूविज्ञानातला विद्यार्थी गळतो तो दहावी ते पदवीच्या पहिल्या वर्षादरम्यान. खालच्या पायरीवर मोजमाप आहे, वरच्या पायरीवर अधिछात्रवृत्ती आहे आणि मधल्या पायऱ्या नाहीत.

नव्या शैक्षणिक धोरणाने इथे एक फट उघडली आहे. राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत आता क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग प्रकल्प आणि कार्यानुभव यांना श्रेयांक आहेत. कला शाखेतल्या भूगोलाच्या विद्यार्थ्याने गावाच्या विहिरींचा वर्षभर अभ्यास केला, तर तो श्रेयांकात धरता येतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हे प्रकल्प आयत्या वेळी छापून, बांधून दिले जातात, हे शिक्षकही खासगीत मान्य करतील. त्यासाठी एका विहिरीचे वर्षभराचे खरे आकडे मागितले, तर नक्कल करणे बरेच अवघड होईल.

मुलींची वाट अधिक अवघड का?

१९५२च्या खाण कायद्याने महिलांना भूमिगत खाणीत आणि रात्रपाळीत काम करण्यास मनाई केली होती. जानेवारी २०१९मध्ये केंद्राने त्यात सूट दिली आणि तांत्रिक, पर्यवेक्षी, व्यवस्थापकीय कामांसाठी भूमिगत खाणी महिलांना खुल्या झाल्या. म्हणजे जवळजवळ सात दशके या क्षेत्रातला एक मोठा रोजगार मुलींना कायद्यानेच बंद होता. त्याच काळात, १९८३च्या अंटार्क्टिका मोहिमेत, भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपूरच्या सागरवैज्ञानिक अदिती पंत बर्फावर उतरल्या होत्या. अंटार्क्टिकाला जायला परवानगी होती, खाणीत उतरायला नव्हती.

कायदा बदलला तरी क्षेत्रभेटीतल्या अडचणी राहतात. मुक्काम कुठे, स्वच्छतागृह आहे का, सोबत शिक्षिका आहे का, हे प्रश्न पालक विचारतात आणि ते चुकीचे नाहीत. अपंग विद्यार्थ्याला तर 'डोंगर चढता येत नाही' म्हणून पहिल्याच दिवशी वगळले जाते. वास्तविक आजचे बरेचसे भूविज्ञान उपग्रहचित्रे, नकाशे आणि आकडेवारीवर चालते. सर्वेक्षण विभागाचे 'भूकोश' आणि इस्रोचे 'भुवन' ही दोन संकेतस्थळे मोबाइलवरही उघडतात. उताराचा कोन मोजणारे अॅप साध्या फोनमध्ये चालते. गावाजवळचे, त्याच दिवशी घरी परतता येईल असे संशोधन मुलींच्या पालकांनाही पटते आणि खर्चही वाचवते.

सुरुवात आश्रमशाळांपासून होईल?

राज्यात आदिवासी विकास विभागाच्या सुमारे पाचशे शासकीय आश्रमशाळा आहेत. त्यांपैकी अनेक सह्याद्री आणि सातपुड्याच्या उतारांवर किंवा पायथ्याशी आहेत. मुले तिथेच राहतात आणि पावसाळाभर तिथेच असतात. पर्जन्यमापकांच्या दाट जाळ्यासाठी याहून सोयीच्या जागा शोधूनही सापडणार नाहीत. साधा पर्जन्यमापक काही हजार रुपयांत येतो. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजणे, आठवड्यातून एकदा जवळच्या झऱ्याचा प्रवाह आणि विहिरीची पातळी नोंदवणे, हे आठवीतला विद्यार्थी नीट करू शकतो. धोक्याच्या उतारावर मुलांना भर पावसात पाठवायचे नाही, हा नियम मात्र पहिला.

यात एक खोट येऊ शकते आणि ती आधीच ओळखायला हवी. मुले म्हणजे फुकटात आकडे गोळा करणारे मजूर, असे होता कामा नये. आकडे आधी शाळेच्या भिंतीवर लागावेत, मग तालुक्याला जावेत. त्यावर विद्यापीठातील विभागाने वर्षातून दोनदा येऊन मुलांशी बोलावे. अकरावी-बारावीत जी मुले हे काम पुढे नेतील त्यांना सुट्टीत विद्यावेतन मिळावे, म्हणजे मजुरी बुडणार नाही. अहवालावर त्यांची नावे असावीत. भूविज्ञानाच्या पदवी प्रवेशासाठी कला शाखेतल्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांना एक वर्षाचा पूरक अभ्यासक्रम देता येईल का, याचा विचार विद्यापीठांनी करायला हरकत नाही. हे सगळे एका विभागाच्या हातात नाही, आणि योजना रखडलीच तर याच कारणाने रखडेल. आदिवासी विकास, उच्च शिक्षण, भूजल सर्वेक्षण आणि आपत्ती व्यवस्थापन यांच्या चार फायली एका टेबलावर आणाव्या लागतील.

शिकून नोकरी काय?

पालकांचा हा प्रश्न टाळून चालत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोग दरवर्षी संयुक्त भू-वैज्ञानिक परीक्षा घेतो. त्यातून भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग आणि केंद्रीय भूजल मंडळात 'गट अ' अधिकारी निवडले जातात. तिथे आरक्षण लागू आहे, पण पात्रतेसाठी पदव्युत्तर पदवी लागते, म्हणजे बारावीनंतर किमान पाच वर्षे टिकून राहावे लागते. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. याशिवाय बोगदे, धरणे, मेट्रो, रेल्वेमार्ग यांच्या कामांवर अभियांत्रिकी भूवैज्ञानिक लागतात. कोयनेच्या परिसरात ११ डिसेंबर १९६७च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपानंतर आजही धक्के बसतात. त्यांच्या अभ्यासासाठी केंद्राने कराडला संशोधन प्रयोगशाळा उभारली असून खडकात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले आहे. जगभरचे शास्त्रज्ञ तिथे येतात. पाटण तालुक्यातल्या एखाद्या शाळेतून निघालेली मुलगी त्या प्रयोगशाळेत रुजू होण्यासाठी आठवी, अकरावी, पदवी आणि पदव्युत्तर अशा चार टप्प्यांवर तिला कोणीतरी हात द्यावा लागेल. आज त्यांपैकी शेवटच्या टप्प्यावरच काही सोय आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि पावसाचा पहिला आकडाही त्याच सुमारास वहीत लिहायचा असतो.